वेलदोड्याचा सुगंध

खिरीत वेलदोड्याची चिमूटभर पूड पडताच घरभर घमघमाट सुटतो. हा सुगंध येतो कोठून? वेलदोड्याच्या दाण्यांत सहज उडून जाणारे तेल असते. त्यात दोन द्रव्ये प्रमुख आहेत. सिनिओलचा वास निलगिरीच्या तेलासारखा उग्र, तर टर्पिनिल ॲसिटेटचा गोड व सौम्य. झाडाची जात, माती, ऊन आणि ओल यांप्रमाणे त्यांचे प्रमाण बदलते. म्हणून सर्व मळ्यांतील वेलदोडे सारखे दरवळत नाहीत.

केरळातील इडुक्कीच्या डोंगरांत हे झुडूप उंच वृक्षांच्या छायेत वाढते. ती छाया नाहीशी झाली, तर जमिनीतील ओल आटते आणि पाने करपतात. म्हणून जाणता मळेवाला वृक्षांच्या फांद्या विरळ करतो. वृक्ष तोडत नाही. खिरीच्या सुगंधामागे त्या वृक्षांचेही उपकार आहेत.