लीड्सच्या घराचं धुराडं

मनू,

तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. दारावर आलेल्या त्या माणसाने तुला दोन पर्याय दिलेत. एक, धुराडं छपरापर्यंत उतरवून टाकायचं. दुसरा, सगळे सांधे सिमेंटने भरून वरून सिलिकॉनचा हात मारायचा. दुसरा स्वस्त पडतो म्हणून तू त्याला होकार देण्याच्या बेतात आहेस. यातलं काहीही करू नकोस. या देशात मी उभी हयात जुन्या घरांच्या दुरुस्तीत घालवली. पावसाने खराब झालेली धुराडी पाहिली, पण चुकीच्या दुरुस्तीने वाया गेलेली त्याहून जास्त पाहिली. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझं घर १९०० च्या आगेमागे बांधलेलं आहे. तेव्हाची ही लाल विटांची घरं चुन्यात बांधलेली असत. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ मध्ये घेतलं ते तुझ्याच लीड्समधल्या जोसेफ अस्पडिन नावाच्या गवंड्याने. पण साध्या घरांचे गवंडी त्यानंतरही कितीतरी वर्षं चुनाच कालवत राहिले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

धुराडं चारी बाजूंनी पाऊसवारा खातं. घराच्या दुसऱ्या कुठल्याच भिंतीला एवढं सोसावं लागत नाही. वीट भिजणारच. भिजलेल्या विटेतलं पाणी बाहेर पडायला वाट हवी, आणि ती वाट चुन्याचा सांधा देतो, कारण तो विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. सिमेंट ती वाट बुजवतं. मग पाणी विटेच्या तोंडातूनच बाहेर पडू पाहतं, आणि तेवढ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि विटेच्या तोंडाची कपची उडते. तुझा चौथा फोटो उघड. पश्चिमेकडच्या मधल्या थरांत करडे सांधे पुढे आलेत आणि त्यांच्या मधल्या विटा आत गेल्यात, त्यांचा भुसभुशीत गाभा उघडा पडलाय. तिथे पूर्वी कुणीतरी सिमेंट भरलंय. सांधा शाबूत राहिला आणि वीट गेली. व्हायला हवं नेमकं उलटं. झिजायचं ते सांध्याने. सांधा काही दशकांनी पुन्हा भरता येतो, गेलेली वीट परत येत नाही. सिलिकॉनचंही तेच. वरून पाणी अडतं असं वाटतं, पण एखाद्या बारीक चिरेतून आत गेलेलं पाणी मग आतच कोंडून राहतं.

सिमेंटचा दुसरा दोष सावकाश दिसतो. कोळशाच्या धुरात गंधक असतं. वर्षानुवर्षं ते आतून विटांत मुरतं, ओल मिळाली की त्याचे सल्फेट क्षार सिमेंटशी लढतात आणि सांधा फुगतो. जी बाजू जास्त ओली राहते ती जास्त फुगते, आणि सगळं धुराडं दुसऱ्या बाजूला कलतं. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून हात लांब करून ओळंबा धर आणि त्याची दोरी धुराड्याच्या कडेशी जुळवून बघ. फोटोवरून मला तुझं सरळ वाटतंय, पण कॅमेऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. उंचीही मोजून घे. इथला नियम असा की भांड्यासकट, म्हणजे वर बसवलेल्या धूर सोडणाऱ्या नळकांड्यासकट, धुराड्याची उंची त्याच्या सर्वांत अरुंद बाजूच्या साडेचार पटीपेक्षा जास्त नसावी. म्हणजे अरुंद बाजू ६०० मिलिमीटर असेल तर उंची २.७ मीटरपर्यंत चालते. ओळंब्यात कल दिसला तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनियर बोलाव, तिथे गवंड्याचं मत पुरेसं नाही.

आता वरच्या बेडरूममधला तो तपकिरी डाग. तू लिहितेस की पाऊस नसतानाही तो कधी कधी गडद होतो, म्हणून तुला पाइप फुटल्याची शंका आली. पाइप नाही, दोष बुजवलेल्या धुराड्याचा आहे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये धुरकट धुक्याने हजारो माणसं दगावली, त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. हळूहळू घरोघरी गॅस आला आणि कोळशाच्या शेगड्या फळ्या ठोकून बंद झाल्या. तुझ्याकडेही खाली शेगडी बुजवलीय आणि वर भांड्यावर फरशी ठेवलीय. आतल्या हवेला ना जायला वाट ना यायला. काजळी आणि तिच्यातले क्षार मात्र आतच आहेत. ते हवेतली ओल शोषून घेतात, त्यामुळे दमट दिवशी डाग काळवंडतो. आपल्या वाड्यात भिंतीला लोणा लागायचा ना, त्याचाच हा भाऊबंद. ओल दाबणारा रंग मारलास तर तो चार महिन्यांत पापुद्रे धरील. आधी धुराडं आतून झाडून घे. मग खाली जाळीची वीट बसव आणि वर पाऊस अडवून हवा खेळू देणारी टोपी. डाग असलेला गिलावा विटेपर्यंत काढून टाक, काही महिने भिंत उघडी ठेवून वाळू दे आणि मगच चुन्याचा गिलावा कर. हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग आहे, पण यात घाई केली तर डाग परत येतो.

पावसाचं पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायचं तर आधी वरचा भाग बघायचा. भांडी ज्या उतरत्या मालात बसवलेली असतात त्याला तडे गेलेत, हे तुझ्या दुसऱ्या फोटोत स्पष्ट आहे. त्यानंतर छपराशी जिथे धुराडं भेटतं तिथला शिशाचा पत्रा. तो सांध्यात किमान २५ मिलिमीटर आत गेलेला हवा आणि वर १५० मिलिमीटर तरी उभा हवा. धुराड्याच्या मागची शिशाची पन्हळ साफ आहे का तेही बघायला सांग, कारण पानं आणि शेवाळ तिथेच साठतं. कुणी गळतीवर चिकटपट्टी मारतो म्हणाला तर त्याला परत पाठव.

सांधे भरायचे ते चुन्यानेच. दुकानात 'एनएचएल ३.५' मागायचं, हा पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक चुना, आणि त्यात धारदार, धुतलेली वाळू. जुना माल छिन्नीने हाताने काढायचा, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल, म्हणजे साधारण २० ते २५ मिलिमीटर. ग्राइंडर वर चढू देऊ नकोस. तो सांध्याबरोबर विटेच्या कडाही खातो, आणि त्या कडा गेल्या की कितीही चांगला कारागीर आणलास तरी सांधे जाडच दिसतात. माल भरण्याआधी सांधे ओले करायचे, भरल्यावर जरा आळला की ताठ ब्रशने ठोकून घ्यायचे आणि गोणपाट ओलं ठेवून झाकायचं. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर चुन्याचं काम करायचंच नाही.

म्हणून हे काम ऑगस्ट-सप्टेंबरात काढ. वसंतात जॅकडॉ कावळे धुराड्यात घरटी करतात आणि वापरातलं घरटं हलवणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परांचीचं भाडं एकदाच भरायचं, तेव्हा भांडी, शिसं, सांधे, पन्हळ, सगळं एकाच फेरीत उरकून घे.

बदलायच्या विटा जुन्या विटांच्या वखारीतून आण. आजच्या विटा ६५ मिलिमीटर जाड, तुझ्या जवळजवळ तीन इंची. थर जुळणार नाहीत. भिंतीत खराब वीट फिरवून मागची बाजू पुढे करतात, पण धुराड्यात ती युक्ती करू देऊ नकोस. मागची बाजू काजळीची असते आणि तिचा डाग बाहेर फुटतो.

लाकडाची शेगडी परत सुरू करायची तुझी हौस मला कळते. पण धुराच्या नळीला आत पत्र्याचं अस्तर घातल्याशिवाय नाही. १९६५ च्या नियमांच्या आधीच्या धुराड्यांना आतून बहुधा फक्त गिलावाच असतो. चुना आणि शेणाचा, हो, इथेही शेणच. तो आता ठिकठिकाणी गळून पडलेला असणार आणि विषारी वायू थेट तुझ्या नाहीतर शेजाऱ्याच्या खोलीत शिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आज लावलास तर उत्तम. लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलीचं, आणि झाडणारा माणूस वर्षाला निदान एकदा, रोज पेटवलीस तर दोनदा.

पाडण्याबद्दल एवढंच, की धुराड्याची आठ भांडी आहेत, चार तुझी आणि चार शेजारणीची. ते दोघींचं आहे. १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे सामाईक बांधकामाला हात लावायचा तर दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि खालची भिंत काढून वरचं धुराडं अधांतरी ठेवणं म्हणजे तर जिवाशी खेळ. नुसते सांधे भरायला नोटीस लागत नाही. पण तिच्याशी आधी बोल. परांची दोघींच्या कामाला येईल आणि खर्चही वाटून जाईल.

जुन्या बांधकामाचा, चुन्याचं काम करणारा गवंडी शोध. त्याने आधी केलेलं एखादं धुराडं स्वतः जाऊन बघ. तो काय भरणार, कशाने खरवडणार आणि काम झाकून ठेवणार का, हे कोटेशनमध्ये लेखी घे, आणि सही करायच्या आधी ते मला पाठव.

तुझा,
मामा