गाणे न थांबू देणाऱ्या दोन तबकड्या



मोबाईलवर एक गाणे संपले की दुसरे आपोआप सुरू होते. पूर्वी रेडिओ स्टुडिओत हे काम माणसाचे हात करीत. मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळी तबकड्या लाखेच्या असत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपे. मध्ये शांतता पसरू नये म्हणून स्टुडिओत शेजारी शेजारी दोन टर्नटेबल ठेवीत.

पहिल्यावर गाणे चालू असतानाच दुसऱ्या तबकडीवर सुई टेकवून, कानाला हेडफोन लावून गाण्याचा पहिला सूर शोधायचा. मग तबकडी हाताने थोडी उलटी फिरवून थांबवायची, कारण पूर्ण वेग यायला क्षणभर लागतो. पहिले गाणे संपताच दुसरे सुरू! हजीऱ्याच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या पालकांना हे चटकन पटेल. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय आधीचा जागा सोडत नाही.

वेगही अचूक हवा. तो सुमारे सहा टक्क्यांनी वाढला, तर काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. तो तपासण्याची युक्ती गणिताची आहे. आपल्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. लाँग प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. ६००० ला ३३⅓ ने भागले की १८० येतात. टर्नटेबलच्या कडेला समान अंतरावर १८० ठिपके असतील, तर प्रत्येक लुकलुकीला एका ठिपक्याच्या जागी बरोबर पुढचा येतो आणि ठिपके स्थिर दिसतात. वेग वाढला की ते पुढे सरकतात, घटला की मागे.

आता आमची एक विनंती. घरात आजी-आजोबांच्या तबकड्या असतील, तर भंगारात देऊ नका. त्यांतले एखादे गाणे दुसरीकडे कुठेही उरलेले नसेल. तबकड्या उभ्या ठेवा, उन्हापासून जपा. ७८ फेऱ्यांची जाड सुई लाँग प्ले तबकडीवर कधीही टेकवू नका. तिची अरुंद खाच कायमची खराब होते.

करून पाहा : ७८ फेऱ्यांसाठी ठिपके ७७ च का ठेवतात? मग प्रत्यक्ष वेग किती येईल?