हृदयाची रेघ काय सांगते?

तुमच्या वडिलांनी चाळिशी ओलांडली असेल, तर ‘एकदा कार्डिओग्राम काढून घ्या’ असे डॉक्टरांनी त्यांना कधीतरी सांगितले असेल. बारीक चौकटींच्या कागदावरील ती नागमोडी रेघ म्हणजे आहे तरी काय?

हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्यापूर्वी त्यातून एक विद्युत्-लहर पसरत जाते. शरीरातील द्रव क्षारयुक्त, म्हणून विद्युत्‌वाहक असल्याने तिचा परिणाम त्वचेपर्यंत पोचतो. हातापायांदरम्यान मिळणारे विभवांतर असते अवघे मिलिव्होल्टभर, म्हणजे विजेरीतील घटाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतके! ते मोजण्यासाठी हॉलंडमधील लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू ताणून बसवला. तंतूतून प्रवाह गेला की तो बाजूला सरके. चुंबकीय क्षेत्रातील वाहकावर बल कार्य करते, हा तुमच्या पुस्तकातलाच नियम! या कार्याबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कागद वाचू. तो सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. समजा, दोन उंच शिखरांत २० मिलिमीटर अंतर आहे. मग दोन ठोक्यांमधील काळ २० ÷ २५ = ०.८ सेकंद, आणि मिनिटाला ठोके ६० ÷ ०.८ = ७५. प्रत्येक ठोक्यात आधी अलिंदांची लहान ‘पी’ लाट, मग निलयांचे टोकदार ‘क्यूआरएस’ शिखर आणि शेवटी निलये पूर्वस्थितीला येताना उमटणारी ‘टी’ लाट दिसते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या, तर श्रम करताना ‘एस’ व ‘टी’ यांमधील भाग खाली उतरू शकतो. स्नायूचा काही भाग मृत झाला असेल, तर ‘क्यू’ रुंद व खोल होऊ शकतो. उच्च रक्तदाबाने डाव्या निलयाची भिंत जाड झाली, तर शिखरे उंचावतात.

१९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घ पाहणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि आलेखात दिसणारी डाव्या निलयाची जाडी यांबरोबर हृदयरोगाचा धोका वाढतो, असे तेथील संशोधकांनी १९६१ साली दाखवले. पुढे ३० वर्षांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट कळली. हृदयविकाराच्या झटक्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक झटके त्या वेळी ओळखले गेलेच नव्हते. नेहमीच्या तपासणीतील आलेखामुळेच ते उघडकीस आले!

मग आलेख चांगला आला की काळजी मिटली का? नाही. तो विश्रांतीत घेतलेला काही सेकंदांचाच असतो. रोहिणी बरीच अरुंद असूनही विश्रांतीत स्नायूला रक्त पुरते. रेघ निर्दोष दिसते. उलट, निरोगी माणसाच्या आलेखातही कधी वेगळेपणा आढळतो. म्हणजे आलेख हा पुरावा आहे, निकाल नव्हे. म्हणूनच डॉक्टर वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह व धूम्रपान यांचाही विचार करतात.

‘माझा कार्डिओग्राम चांगला आहे’ असे म्हणून घरातले कोणी सिगारेट पेटवत असेल, तर त्यांना हे जरूर समजावून सांगा. आणि छातीत दाब, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली, तर जुना आलेख शोधत बसू नका; ताबडतोब रुग्णालय गाठा.

जाता जाता एक गणित : शिखरांतील अंतर १५ मिलिमीटर असेल, तर मिनिटाला ठोके किती?