जुन्या गाडीत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग बसवावी का?

प्रश्न : माझ्या २०१८च्या गाडीत फक्त ड्रायव्हरला एअरबॅग आहे. कर्जतहून खालापूरमार्गे एक्स्प्रेस वेने पुण्याला जाणं होतं. शेजारच्या सीटसाठी भंगारातली एअरबॅग बसवावी का?

उत्तर : कृपया बसवू नका. सेन्सर, कंट्रोल युनिट आणि ठरल्या जागी फाटणारा डॅशबोर्ड त्याच मॉडेलसाठी जुळवलेले असतात. नुसती पिशवी कोंबली तर ती ऐन धडकेत उघडणार नाही, नाहीतर भलत्याच वेळी उघडेल. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला टेस्ट लॅम्पही लावू देऊ नका. तेवढ्या करंटनेसुद्धा ती फुटू शकते. भारतात नव्या मॉडेलना ही एअरबॅग १ एप्रिल २०२१पासून सक्तीची आहे. गाडी बदलताना तशीच घ्या. तोवर बोरघाटात शेजारच्याचा पट्टा बांधलेला आणि सीट मागे सरकवलेली हवी.