परड्यातील हिवाळी माळवे आणि उन्हाळ्याची तरतूद

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २०:४, यिर्मया २९:४-७, उत्पत्ती ८:२०-२२.

नीतिसूत्रातील हे वचन लहान आहे, तरी त्यात कष्टकऱ्याचे सारे वर्ष सामावले आहे. आळशी मनुष्य थंडीचे निमित्त सांगून नांगर धरीत नाही आणि सुगीच्या दिवसांत दुसऱ्याच्या दारी हात पसरतो, असा त्याचा आशय आहे. पालेस्तीन देशात पावसाळा व हिवाळा एकत्रच येतात. उन्हाने दगडासारखी झालेली जमीन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसाने मऊ होते, आणि त्याच गारठ्यात नांगरणी व पेरणी उरकावी लागते. जो तेव्हा चुलीपाशी बसून राहिला, त्याचे वर्ष बुडाले.

आमच्या कोल्हापूर प्रांती पाऊस मृगापासून लागतो, म्हणून हे वचन आम्हांस लागू नाही असे कोणास वाटेल. परंतु घरामागच्या परड्यापुरते पाहिले, तर आमचाही खरा हंगाम थंडीचाच होय. कार्तिकापासून माघापर्यंत माळवे जितके सुखाने येते तितके अन्य ऋतूत येत नाही. पुढे चैत्र-वैशाखात जे ताटात पडावयाचे, त्याची तयारीही ह्याच दिवसांत करावी लागते. विपुलतेच्या दिवसांत टंचाईच्या दिवसांची सोय लावणे, हाच ह्या पाठाचा विषय आहे.

ज्यांस शेत नाही त्यांचे शेत

बाबेलास धरून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र पाठविले, ते आमच्या मंडळ्यांनी लक्षपूर्वक वाचावे. ती भूमी त्यांची नव्हती. तरी परमेश्वराने त्यांस घरे बांधण्यास, बागा लावण्यास आणि त्यांचे फळ खाण्यास सांगितले. शिवाय ज्या नगरात ते राहत होते त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. आपली जमीन होईल तेव्हा बाग लावू, असे म्हणत बसण्याची मुभा त्यांस नव्हती.

आमच्यातील पुष्कळ कुटुंबे अशी आहेत की, त्यांच्या वाडवडिलांच्या नावे कधी सातबारा नव्हता. कबनूर गाव तर इचलकरंजीस लागून आहे. येथे पुष्कळांचा संसार यंत्रमागाच्या आठवड्याच्या पगारावर चालतो, आणि घरामागे असलीच तर पाचदहा हात जागा असते. काहींस भाड्याच्या खोलीपुढील ओटाच काय तो आहे. उन्हाळ्यात भाजी महागली म्हणजे अशा घरी भाकरीबरोबर चटणीच कोरड्यास होते. ह्याची झळ आधी लेकरांस व गरोदर स्त्रियांस लागते. हिरव्या पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा व शेवग्याचा पाला ह्यांत डोळ्यांस राखणारे 'अ' जीवनसत्त्व मिळते. पालेभाज्यांतून लोहही मिळते. ती जागा लहान असली तरी रिकामी ठेवणे आम्हांस परवडणारे नाही.

सांगली येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने चालविलेल्या औद्योगिक व शेतकी शाळेत मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली जात असे. हाताचे काम हे विद्येपेक्षा हलके नाही, हा त्या शाळेचा धडा आजही शिकण्याजोगा आहे.

आता काय लावावे

आमची काळी माती ओली असता तुडविली तर तिची ढेकळे होतात, आणि अगदी वाळली म्हणजे कुदळ लागत नाही. म्हणून वाफसा पाहूनच खणावे. वाफा चार फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात पोहोचला पाहिजे, म्हणजे आत पाय ठेवावा लागत नाही.

मेथी सुमारे महिन्याभरात काढणीस येते. सगळी एकाच दिवशी पेरली तर एका आठवड्यात खाऊन संपते. तीच आठदहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरली तर सबंध थंडीभर पुरते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन डाळी कराव्या. पालक मुळासकट उपटू नये, वरून कापावा, पुन्हा फुटतो. मुळा दीड महिन्यात येतो, गाजरास तीन महिने लागतात. लसणीच्या पाकळ्या टोक वर करून चारचार बोटांवर लावाव्या. वांगी, टोमॅटो व मिरची ह्यांची रोपे आधी तयार करून महिन्याभराने लावावी. कुंपणाला पावटा किंवा घेवडा सोडावा. तो जागा अडवीत नाही आणि जमिनीसही बळ देतो.

ज्यांस जमीन नाही त्यांनी फुटका डबा किंवा जुने पोते घ्यावे, बुडास भोके पाडावी, आणि माती व खत अर्धे अर्धे भरून त्यात मेथी, कोथिंबीर, एखादे मिरचीचे रोप लावावे.

पाणी सकाळी द्यावे. थंडीत काळ्या जमिनीस रोज पाणी लागत नाही. बोटभर खाली माती ओलसर असेल तर थांबावे. हातकणंगले व शिरोळ ह्या तालुक्यांत उसाच्या पाचटाची वाण नाही. ते जाळण्याऐवजी रोपांच्या बुडाशी पसरावे, म्हणजे ओल टिकते व तण कमी येते. मोरीचे पाणी केळी, अळू व शेवगा ह्यांस द्यावे, कच्च्या खाण्याच्या भाजीस देऊ नये. कापड रंगविण्याच्या कारखान्यांचे पाणी ज्या ओढ्यात उतरते, त्याचे पाणी कोणत्याही माळव्यास घालू नये. तेथे पाण्याची टंचाई असेल तर दोन वाफे कमी करावे, हे बरे.

आभाळ भरून आले म्हणजे पावट्यावर मावा पडतो. पाच तोळे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, निंबोळ्या कुटून रात्रभर एक लीटर पाण्यात भिजवाव्या, सकाळी गाळून त्यात थोडा साबण मिसळावा व सायंकाळी शिंपडावे. निंबोळ्या जून-जुलैत पिकतात. तेव्हा मुलांकडून वेचून वाळवून ठेविल्या असतील, त्यांसच हा उपाय हाताशी असतो. कडुनिंबाने आपली देणगी पावसाच्या तोंडी टाकली, तिचे काम थंडीत निघाले.

उन्हाळ्याची तरतूद

पहिली तरतूद खताची. आमच्याकडे शेण बहुधा शेणी थापण्यात जाते, आणि ज्यांच्या दारी जनावर नाही त्यांस तेही मिळत नाही. अशांनी खड्डा करावा. सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ ह्या काळात काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत बसविली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पालापाचोळा, तोडलेले पाचट, हिरवे तण, भाजीची देठे व थोडा शेणकाला ह्यांचे थर द्यावे, ओल राखावी, आणि मधून मधून उलथावे. सुमारे तीन महिन्यांत खत होते. नोव्हेंबरात भरलेला खड्डा फेब्रुवारीत, म्हणजे नेमका उन्हाळी लागवडीच्या वेळी, उपयोगी पडतो. फेब्रुवारीत भरावयास घेतला तर ती वेळ गेली.

दुसरी तरतूद वेलांची. दोडका, कारले, दुधी व काकडी ह्यांच्या मुळांस धक्का सोसत नाही. म्हणून जानेवारीच्या अखेरीस भोक पाडलेल्या करवंटीत किंवा पानांच्या द्रोणात दोन दोन बिया लावून त्या उबेच्या जागी ठेवाव्या. थंडी ओसरली म्हणजे मातीच्या गोळ्यासह रोप वाफ्यात ठेवावे. भेंडी व गवार ह्यांची घाई करू नये. जमीन गार असता भेंडीचे बी कुजते. माघ संपता संपता ते रात्रभर भिजवून पेरावे. मेथी व कोथिंबीर ऊन वाढताच फुलावर येतात. त्यांच्या रिकाम्या वाफ्यात माठ टाकावा, तो उन्हात चांगला येतो.

तिसरी तरतूद शेवग्याची. एक झाड घराला पाला, फूल व शेंग देते. त्याची फांदी पावसाच्या आरंभी लागते. खड्डा मात्र उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा.

बी राखणे

आता ह्या पाठाचा सर्वांत कठीण भाग. बी कोणत्या झाडाचे राखावे? उरलेल्या, किडक्या झाडाचे नव्हे. सर्वांत उत्तम झाडाचे. जे वांगे पाहून आज कालवण करावेसे वाटते, तेच झाडावर पिवळे होऊ द्यावयाचे. मेथीची सर्वांत भरदार ओळ न कापता फुलू द्यावयाची. टोमॅटो पूर्ण पिकल्यावर त्याचा गर एकदोन दिवस आंबवून, बी धुऊन सावलीत वाळवावे. पावटा व घेवडा वेलावरच वाळू द्यावा. बाजारातील संकरित बियाण्याच्या पिकाचे बी मूळ झाडासारखे येत नाही, म्हणून राखावयाचे ते गावठी वाणाचे. भोपळवर्गातील वेलांचे दोन वाण शेजारी लावले तर त्यांचे बी मिसळते, तिकडे लक्ष ठेवावे. वाळलेले बी राखेत घालून झाकणाच्या बाटलीत ठेवावे, आणि वर नाव व वर्ष लिहावे.

हातात पैसा नाही आणि पगारास दोन दिवस आहेत, अशा वेळी ते राखलेले वांगे तोडण्याचा मोह होतो, हे आम्ही जाणतो. बियांसाठी कोणाच्या लेकराने उपाशी निजावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु झाड निवडतानाच घरच्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, आणि त्यास लाल दोरा बांधावा. मग ते झाड घरातील लहान मुलेही राखतात. आणि ज्या घरी खरोखर चूल पेटत नाही, तेथे मंडळीतील शेजाऱ्याने आपल्या वाफ्यातील जुडी नेऊन द्यावी, म्हणजे त्या बहिणीस दोरा सोडावा लागणार नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांस शाळेचा लाभ झाला नाही. तरी त्यांनी आपल्या परिसरातील भाज्यांची व धान्यांची गावठी बियाणी जपली, शेजारणींस वाटली, आणि लोक त्यांस 'बीजमाता' म्हणू लागले. २०२० साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री जाहीर केली. हे काम मोठ्या जमिनीने वा मोठ्या विद्येने झाले नाही. रोजच्या दक्षतेने झाले.

पूर आणि वचन

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांस २००५, २०१९ व २०२१ ह्या सालांचे पूर सांगावयास नकोत. ज्यांच्या घरांत पाणी शिरले त्यांची परडी गेली आणि मडक्यांतील बीही गेले. असाच अनुभव विल्यम केरी ह्यांस आला. ज्यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले आणि १८२० साली कलकत्त्यास शेतकी व बागाईतीची सोसायटी स्थापिली, तेच हे केरी. बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी हौसेने वाढविलेली बाग १८२३ च्या पुराने उद्ध्वस्त केली. वय साठीच्या पुढे गेले होते; तरी त्यांनी पुन्हा लागवड केली.

नोहा तारवातून उतरला. त्याने प्रथम वेदी बांधली, आणि देवाने वचन दिले की, पृथ्वी आहे तोवर पेरणी व कापणी, थंडी व ऊन, उन्हाळा व हिवाळा ह्यांचा क्रम खुंटणार नाही. ह्या वचनात पूर येणार नाही असे आमच्या गावास सांगितलेले नाही. पुरानंतरही पेरणीचा दिवस येईल, हे मात्र निश्चित सांगितले आहे. तो दिवस येईल तेव्हा आमच्या हाती बी असावे, एवढे काम आमच्याकडे ठेविले आहे.

म्हणून प्रत्येक मंडळीने एक पत्र्याची पेटी करावी. उपदेशकाच्या घरी, उंच फळीवर, ती ठेवावी. प्रत्येक घराने राखलेल्या बियांपैकी एक मूठ तीत घालावी, आणि नदीकाठच्या मंडळीने आपल्या पेटीचा अर्धा वाटा माळावरच्या मंडळीकडे ठेवण्यास द्यावा. सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी आम्ही वेदीपुढे फळे व कणसे आणतो. त्यांबरोबर ह्या वर्षी बियांची एक पुडीही आणावी. प्रार्थनेनंतर ज्यास गरज असेल त्याने ती नि:संकोच न्यावी. पुढील वर्षी त्याने दोन आणाव्या.

शब्बाथ शाळेत चर्चेसाठी प्रश्न

१. पालेस्तीनातील शेतकऱ्यास थंडीत नांगरणे का भाग होते? आमच्या परड्यातील कोणते काम थंडीतच केले पाहिजे?

२. बाबेलातील बंदिवानांनी परक्या भूमीत बागा का लावाव्या? भाड्याच्या घरात राहणाऱ्यास ह्यातून काय शिकता येईल?

३. उत्तम झाड बियांसाठी राखणे आणि उत्तम भाग देवास अर्पिणे ह्यांत कोणते साम्य आहे?

४. आमच्या मंडळीत कोणत्या घरी परडे नाही? कोणत्या घरी उन्हाळ्यात भाजी शिजत नाही? त्यांच्यासाठी कोणता वाफा राखावयाचा, हे नावानिशी ठरवा.