कमावलेले क्रेडिट हातचे जाऊ देऊ नका

जवळा बाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील हे बाजार समितीचे गाव. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी सोयाबीन, हळद घेऊन येतो आणि जाताना लोखंड, पाईप, बी-बियाणे, कपडा घेऊन जातो. अशा गावात हार्डवेअर, वेल्डिंग, कृषी सेवा केंद्र, गॅरेज किंवा कापडाचे दुकान चालवणाऱ्या आपल्या बांधवांसाठी आज आम्ही एक धडा मांडत आहोत. विषय आहे जीएसटीतील इनपुट टॅक्स क्रेडिटचा.

गल्ल्यातले शंभर रुपये कमी झाले तर व्यापारी रात्री दोनदा मोजतो. पण क्रेडिटच्या खात्यातून हजारो रुपये निसटले तरी बऱ्याच जणांना पत्ता लागत नाही. कारण ते पैसे डोळ्यांना दिसत नाहीत. "ते सगळे आमचे कर सल्लागार बघतात," असे म्हणून विषय संपतो. सल्लागार विवरणपत्र भरतो, हे खरे. पण माल कोणाकडून घ्यायचा, बिल कसे घ्यायचे आणि पैसे केव्हा द्यायचे, हे दुकानदारच ठरवतो. क्रेडिट टिकते किंवा बुडते ते इथेच.

क्रेडिट म्हणजे काय?

माल खरेदी करताना आपण पुरवठादाराला कर देतो. तोच माल विकताना गिऱ्हाइकाकडून कर घेतो. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर ही आपली मिळकत नव्हे, ती सरकारची अमानत आहे. मात्र ती भरताना खरेदीवर दिलेला कर त्यातून वजा करता येतो. हा वजा होणारा कर म्हणजे क्रेडिट. करावर कर चढू नये, हा त्यामागचा हेतू.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये १९५४ साली मूल्यवर्धित कर आला, तो याच तत्त्वावर. आपल्याकडे १९८६ मध्ये केंद्रीय उत्पादन शुल्कात 'मॉडव्हॅट' आले. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट लागू झाला. त्या काळातला 'सेट-ऑफ' हा शब्द जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि क्रेडिटचा सारा हिशेब संगणकावर गेला. प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावे सरकारी पोर्टलवर एक क्रेडिट खाते आणि एक रोख खाते असते. कर आधी क्रेडिट खात्यातून फेडायचा आणि उरलेला तेवढा रोखीने भरायचा.

एका महिन्याचा हिशेब

समजा, एका हार्डवेअर दुकानदाराने जालन्याहून १,००,००० रुपयांचे लोखंड घेतले. दर १८ टक्के. व्यवहार महाराष्ट्रातला असल्याने ९,००० रुपये केंद्राचा कर (सीजीएसटी) आणि ९,००० रुपये राज्याचा कर (एसजीएसटी) लागला. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशातील अलीगढहून ५०,००० रुपयांची कुलुपे आली. हा व्यवहार परराज्यातला, म्हणून त्यावर ९,००० रुपये आयजीएसटी लागला. एकूण क्रेडिट झाले २७,००० रुपये.

त्या महिन्यात गावात १,७०,००० रुपयांची विक्री झाली. तिच्यावर १५,३०० रुपये केंद्राचे आणि १५,३०० रुपये राज्याचे, असा ३०,६०० रुपये कर झाला. त्यातून २७,००० वजा केले की रोख भरायचे ३,६०० रुपये उरतात.

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही. केंद्राचे क्रेडिट राज्याच्या कराला चालत नाही आणि राज्याचे केंद्राच्या कराला चालत नाही. आयजीएसटीचे क्रेडिट मात्र दोन्हीकडे चालते. ते आधी पूर्ण संपवावे लागते, परंतु दोघांत कसे वाटायचे हे आपल्या हाती असते. ९,००० चे आयजीएसटी क्रेडिट निम्मे-निम्मे वाटले, तर दोन्हीकडे १,८००-१,८०० रुपये रोख लागतात. एकूण ३,६००. तेच सगळे केंद्राच्या कराकडे टाकले, तर राज्याच्या करापोटी ६,३०० रुपये रोख भरावे लागतात आणि केंद्राचे २,७०० रुपये क्रेडिट खात्यात पडून राहते. ते बुडत नाही, पण त्या महिन्याचे २,७०० रुपये भांडवल विनाकारण अडकते. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी सल्लागाराला एक प्रश्न जरूर विचारावा: "आयजीएसटीचे क्रेडिट कुठे लावले?"

कर दिला म्हणून क्रेडिट मिळत नाही

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. आपण पुरवठादाराला कराचे पैसे मोजले, पक्के बिल घेतले, माल दुकानात आला. तरीही क्रेडिट आपले होत नाही. पुरवठादाराने आपले बिल त्याच्या जीएसटीआर-१ या विवरणपत्रात दाखवले पाहिजे. तसे केले तरच ते आपल्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात उतरते. १ जानेवारी २०२२ पासून नियम स्पष्ट आहे: २बीमध्ये बिल नाही, तर क्रेडिट नाही.

वरच्या उदाहरणात जालन्याच्या व्यापाऱ्याने बिल दाखवलेच नाही, असे धरू. मग त्या महिन्यात हाताशी केवळ ९,००० रुपयांचे क्रेडिट उरते आणि ३,६०० ऐवजी २१,६०० रुपये रोख भरावे लागतात. १८,००० रुपये पुरवठादाराला दिलेले आणि तेच १८,००० पुन्हा सरकारला. लहान दुकानदाराचा महिन्याचा नफा यातच जातो.

बिल दाखवले, पण जीएसटीआर-३बी भरून कर जमा केला नाही, असाही पुरवठादार असतो. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने ते विवरणपत्र भरले नाही, तर आपण घेतलेले क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत परत करावे लागते. त्याने पुढे भरले की ते पुन्हा घेता येते.

म्हणून स्वस्त भाव हा पुरवठादार निवडण्याचा एकमेव निकष ठेवू नये. किलोमागे रुपया कमी लावणारा पण विवरणपत्र वेळेवर न भरणारा व्यापारी शेवटी महागच पडतो. जीएसटी क्रमांक टाकला की कोणाचे विवरणपत्र केव्हा भरले गेले, हे पोर्टलवर कोणालाही पाहता येते. नव्या पुरवठादाराशी सौदा करण्यापूर्वी हे पाहावे. पहिल्या एक-दोन व्यवहारांत मालाची किंमत द्यावी आणि कराची रक्कम बिल २बीमध्ये दिसल्यावर देऊ, असे आधीच बोलून ठेवावे. आधी बोललेले असले की भांडण होत नाही.

क्रेडिट कुठे कुठे निसटते?

पहिली जागा कच्च्या बिलाची. कच्च्या बिलावर क्रेडिट नाही. पक्क्या बिलावरही आपला जीएसटी क्रमांक चुकला, तर क्रेडिट भलत्याच्याच नावावर जाते. बिल हाती येताच क्रमांक ताडून पाहावा.

दुसरी जागा उधारीची. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत, तर थकलेल्या रकमेच्या प्रमाणात क्रेडिट परत करावे लागते. ते वापरून झाले असेल तर व्याजही लागते. आपल्या भागात हा नियम नीट ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इथला धंदा पिकावर चालतो. शेतकरी जूनमध्ये उधारीवर नेतो आणि सुगीला पैसे देतो. दुकानदारही पुरवठादाराला तसाच थांबवतो. १ जूनच्या बिलाची १८० दिवसांची मुदत २८ नोव्हेंबरला संपते. सोयाबीनच्या पैशात हे बिल फिटले तर ठीक. हळदीच्या पैशाची वाट पाहत मार्च आला, तर मुदत कधीच उलटलेली असते. पैसे दिल्यावर ते क्रेडिट पुन्हा घेता येते, पण मधल्या काळात रोकड अडकते.

तिसरी जागा वार्षिक मुदतीची. एका आर्थिक वर्षातील बिलाचे क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी असेल तोवर, घ्यावे लागते. म्हणजे २०२५-२६ च्या बिलांसाठी शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर ते कायमचे गेले. एकदा खात्यात नोंदवलेल्या क्रेडिटला मात्र अशी मुदत नाही. ते पुढच्या महिन्यांत वापरता येते. मुदत आहे ती नोंदवण्याला.

चौथी जागा चुकीच्या हक्काची. काही खरेदीवर कर भरूनही क्रेडिट मिळत नाही: घरच्या वापराचा माल, प्रवासी मोटार, दुकानाच्या इमारतीचे बांधकाम, चोरीला गेलेला, नष्ट झालेला किंवा फुकट वाटलेला माल. माल वाहण्याच्या टेम्पोवर मात्र मिळते. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेरणीचे बियाणे करमुक्त आहे, खत करपात्र आहे. दोन्ही विकणाऱ्याला दुकानभाडे, संगणक अशा सामाईक खर्चावरील क्रेडिट विक्रीच्या प्रमाणातच ठेवता येते.

दर बदलले तर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंचे दर बदलले. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आले. ज्यांनी २८ टक्के भरून माल घेतला होता त्यांचे क्रेडिट बुडाले नाही; विक्री १८ टक्क्यांनी झाली तरी ते पूर्ण वापरता येते. वह्या आणि पेन्सिली मात्र त्या दिवसापासून करमुक्त झाल्या, आणि करमुक्त मालावर क्रेडिट ठेवता येत नाही. त्या दिवशी दुकानात शिल्लक असलेल्या वह्यांवरचे क्रेडिट परत करणे भाग होते. ज्या स्टेशनरीवाल्यांनी ही नोंद केली नसेल, त्यांनी सल्लागाराला लगेच विचारावे.

लहान कारागिरांनी काय करावे?

केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा असेल तर मात्र उलाढाल कितीही असली तरी सहसा नोंदणी लागते. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनाही घेता येते. त्यात उलाढालीच्या १ टक्का कर भरायचा. परंतु गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, परराज्यात माल विकता येत नाही आणि क्रेडिट अजिबात मिळत नाही. नेहमीच्या पद्धतीतून या योजनेत जाताना शिल्लक मालावरील क्रेडिटइतकी रक्कम फेडावी लागते आणि खात्यात उरलेले क्रेडिट रद्द होते. तेव्हा क्रेडिट पुष्कळ साठले असताना घाईने उडी मारू नये.

निवड करताना एकच गोष्ट पाहावी: आपला माल घेतो कोण? गिऱ्हाईक शेतकरी आणि घरगुती असेल तर कंपोझिशन सोपी. ठेकेदार, कारखाना किंवा दुसरा दुकानदार असेल तर त्याला आपल्या बिलावर क्रेडिट हवे असते. ते आपण देऊ शकलो नाही, तर तो दुसऱ्या वेल्डरकडे किंवा दुसऱ्या दुकानात जाईल.

बोगस बिलांपासून दूर राहा

रोख कर कमी भरावा लागावा म्हणून माल न घेता केवळ बिल विकत घेण्याचा सल्ला देणारे दलाल सगळीकडे फिरतात. त्यांना उंबरठ्यावरूनच परत पाठवावे. क्रेडिटसाठी माल प्रत्यक्ष मिळालेला असणे ही कायद्याची अट आहे. बोगस बिलावर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत द्यावे लागतेच, शिवाय १०,००० रुपये किंवा कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तेवढा दंड होतो. रक्कम मोठी असेल तर कैदेचीही तरतूद आहे. अधिकाऱ्याला संशय आला तर तो क्रेडिट खातेच रोखून धरू शकतो, आणि मग प्रामाणिकपणे कमावलेले क्रेडिटही वापरता येत नाही.

महिन्याचे वेळापत्रक

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढील तारखांना खूण करून ठेवावी.

५ तारीख: गेल्या महिन्याची सगळी खरेदी बिले एका फाईलमध्ये लावून यादी करावी.

११ तारीख: दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराची जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख. तिच्या दोन दिवस आधी फोन करून आपले बिल टाकले का, हे विचारावे. पुरवठादार तिमाही पद्धतीत असेल तर १३ तारखेपर्यंत तो बिल वेगळे टाकू शकतो. त्याने तसे केले नाही, तर आपले क्रेडिट तिमाही संपेपर्यंत लांबते.

१४ तारीख: २बी तयार होते. आपली यादी तिच्याशी ताडावी. जे बिल नाही त्याच्यापुढे लाल खूण करावी. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर प्रत्येक बिल स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय आहे. आपले नसलेले बिल तिथेच नाकारावे.

२० तारीख: ३बी भरण्याची शेवटची तारीख. महाराष्ट्रातील तिमाही भरणाऱ्यांसाठी तिमाहीनंतरची २२.

यासाठी महिन्यातून दोन तास पुरतात. घरात दहावी-बारावी शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला हे काम शिकवावे. यादी ताडायला पदवी लागत नाही. बिले आणि हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवाव्यात, कारण विचारणा उशिराही होऊ शकते.

गोदामातला माल आपण मोजतो, उधारीची वही आपण चाळतो. क्रेडिट हासुद्धा आपल्याच पैशाने घेतलेला माल आहे. त्याचीही मोजदाद महिन्याच्या महिन्याला झाली पाहिजे. सुरुवात या महिन्याच्या १४ तारखेपासून करावी, असे आम्ही सुचवतो.