वस्तऱ्याच्या दांडीला नक्षीचं लाकूड

पोरा, वखारीत गेलास की आधी स्पिरिटचा बोळा फिरव. ओल्या लाकडात पुढे पॉलिश केल्यावर दिसणारी नक्षी आत्ताच दिसते. पण ती दिसली म्हणून लगेच पैसे काढू नकोस. नक्षी म्हणजे लाकडाची रेषा वळलेली जागा, आणि वळलेली रेषा पातळ पट्टीत मोडते. वस्तऱ्याच्या दांडीची पट्टी वीतभर लांब नि जेमतेम तीन मिलिमीटर जाड. म्हणून तुकडा असा काप, की गाठ, लाटा, जे काय देखणं असेल ते मधोमध येईल आणि दोन्ही टोकांना, खिळा बसतो तिथं, रेषा सरळ लांबीनं धावेल. काश्मिरी अक्रोडाच्या गाठीत सरळ रेषा सापडतच नाही. तिथं आतून अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा इपॉक्सीनं चिकटव.

दोन्ही पट्ट्या एकाच ठोकळ्यातून शेजारी-शेजारी काढ आणि पुस्तक उघडावं तशा उलगड, म्हणजे नक्षी समोरासमोर जुळते. कापताना जाडी चारच्या पुढे ठेव. कापल्यावर आतली ओल सुटते आणि पट्टी वाकते, तेव्हा दोनेक आठवडे वजनाखाली राहू दे. मग रंधा मार.

लाकूड कुठलं, हे पातं ठरवतं. जुनी झोलिंगेनची किंवा शेफिल्डची पाती कार्बन पोलादाची, त्यांना गंज लवकर धरतो. ओकच्या लाकडात टॅनिन असतं, ते ओलसर हवेत लोखंडावर काळे डाग पाडतं. आपला खैरही त्याच वळणाचा; त्याच्या गाभ्यातूनच कात काढतात. सागवान, शिसवी, अक्रोड बरे. शिसवी घासताना मात्र नाकाला फडकं बांध, तिचा भुगा नाकाला नि कातडीला झोंबतो. जुनी दांडी सेल्युलॉइडची असेल आणि तिला आंबूस वास येऊ लागला असेल, तर पातं तिच्यात ठेवूच नकोस. ती कुजताना आम्ल सोडते.

आता जुनी दांडी काढायची. हात लावायच्या आधी पात्याच्या धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळ. जुन्या खिळ्याचं डोकं कानशीनं घास आणि पंचानं खिळा बाहेर काढ. पातं तापवायचं नाही, पाणी उतरेल.

पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावर पातं मिटवून बघ. धार कुठंही टेकता कामा नये. पट्ट्या दुतर्फी चिकटपट्टीनं जोड आणि भोकं आधी पाड, आकार मागून दे. आकार दिल्यावर ड्रिल सरकलं तर सगळं वाया जातं. आतली बाजू जोडण्याआधीच पॉलिश कर, नंतर तिथं बोट पोचत नाही. आणि पाण्याला लाकडात शिरायला तीच वाट सोपी असते.

दोन पट्ट्यांच्या मध्ये शेपटीकडे बसणाऱ्या पाचरीवर सगळा खेळ आहे, आणि घाई करणारा तिथंच फसतो. पाचर जाड झाली तर पट्ट्या फाकतात, पातळ झाली तर पातं मिटताना लाकडाला घासतं. कानशीचे दोन हात मार, बसवून बघ, परत मार.

खिळ्याला पितळेची दीडेक मिलिमीटरची तार पुरते. वॉशर घाल, मिलिमीटरभर टोक बाहेर ठेव आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं हलके टोले दे. दर चार टोल्यांनी पातं उघडून बघ. आपल्या वजनानं पडत नसेल पण बोटानं सहज फिरत असेल, तर थांब. जास्त ठोकलेला खिळा सैल होत नाही, कापूनच काढावा लागतो.

जवसाचं तेल लावलंस तर भिजलेले बोळे गोळा करून टाकू नकोस, आपोआप पेटतात. पाण्यात बुडव किंवा सुटे पसरून वाळव.

आणि पहिली दांडी साध्या, सरळ रेषेच्या सागवानाची कर. अक्रोडाचा तो महागडा तुकडा दुसऱ्या वस्तऱ्यासाठी ठेव.